दांडिया बाजारातला इंग्रजीचा वर्ग: नुसत्या 'बिग'वर माझं भागत नव्हतं

बडोद्यात आमचं लाकडी फर्निचरचं काम, वडिलांपासूनचं. हल्ली बरीचशी गिऱ्हाईकं परदेशात स्थायिक झालेली, त्यामुळे ऑर्डरी इंग्रजी मेलवर. मोठ्या वस्तूला माझ्याजवळ एकच शब्द होता, 'बिग'. एकदा शब्दकोशातून 'वास्ट' उचलला आणि सागवानी कपाटाच्या फोटोखाली लिहून टाकला. पुढे या वर्गाचा पत्ता मिळाला आणि तीन महिने न चुकता गेलो.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं ते वाक्य फळ्यावर घेतलं. "दादा, वास्ट म्हणजे दूरवर पसरलेलं. नवलखी मैदान वास्ट, कच्छचं रण वास्ट. कपाटाला ह्यूज म्हणा, नाहीतर सरळ लार्ज." 'इमेन्स'चा मूळ लॅटिन अर्थ न मोजलेलं, म्हणजे थेट आपलं 'अमाप'. असा मराठी जोडीदार भेटला की शब्द पाठ करावा लागत नाही.

'एनॉर्मस'च्या दिवशी मी वही मिटून नुसता ऐकत बसलो. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा. गुण्याच्या बाहेर गेलेलं ते एनॉर्मस! वडिलांचा शिसवी गुण्या अजून माझ्या खणात आहे, पितळी पट्टी झिजून पातळ झालेली. चौकट जुळवली की ते तो कोपऱ्याला लावायचे आणि एक डोळा मिटून फटीतून येणारा उजेड बघायचे. दुसऱ्या दिवशी तो वर्गात नेला. बाईंनी प्रत्येकाच्या हातात दिला, फळ्याच्या कोपऱ्याला लावून दाखवला. फळा काटकोनात नव्हता.

'कोलोसल' आला ऱ्होड्स बेटावरच्या सूर्यदेवाच्या पुतळ्यावरून. कांस्याचा, सुमारे 33 मीटर उंच. इसवी सनपूर्व 226 च्या सुमारास भूकंपात कोसळला. आपल्या बडोद्याच्या सूरसागर तलावातला महादेवाचा पुतळा साधारण तेवढाच उंच, म्हणून तो आकार लगेच डोळ्यांसमोर उभा राहिला.

धंद्यात सगळ्यात जास्त उपयोग मात्र साध्या गोष्टीचा झाला. मोजून देता येतं त्याला 'नंबर', मोजता येत नाही त्याला 'अमाउंट'. स्क्रूंचा लार्ज नंबर, पॉलिशचा लार्ज अमाउंट. मी वर्षानुवर्षं 'अमाउंट ऑफ चेअर्स' लिहीत होतो.

तक्रार एकच, पण मनाला लागलेली. शेवटी साठ शब्दांचा झेरॉक्स कागद देतात, समोर एकेक अर्थ, वाक्य एकही नाही. त्यात 'एनॉर्मिटी'पुढे नुसतं 'मोठेपणा' लिहिलंय. एका जुन्या गिऱ्हाइकाने अडचणीत आगाऊ पैसे दिले होते. आभार मानताना मी त्यांच्या मदतीची 'एनॉर्मिटी' लिहिली. त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, आमचं काही चुकलं का?" त्या शब्दाचा जुना आणि अजून अनेकांच्या मनात पक्का असलेला अर्थ म्हणजे घोर दुष्कृत्य. आकारासाठीही तो वापरतात, पण आभाराच्या पत्रात नकोच. ज्या बाई एकेका शब्दावर अर्धा तास देतात, त्यांच्या वर्गातून असा कागद बाहेर पडू नये. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि पुढच्या तुकडीसाठी वाक्यांसकट नवा करते म्हणाल्या.

जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. वेळ रात्री आठची, दुकान बंद करून पोचता येतं. पुढच्या तुकडीत माझ्या धाकट्याचं नाव घातलंय.