लक्ष्मीपुरीतले बाइंडरमामा आणि आप्पांचं बायबल

आमच्या वडिलांचं, आप्पांचं, बायबल बांधायला दिलं त्याला पाच महिने झाले, परत मिळालं त्याला चार. मुद्दाम एवढे दिवस थांबले. दुकानातून आणताना कुठलंही बाइंडिंग छानच दिसतं, खरं काय ते पुस्तक रोज उघडायला लागल्यावर कळतं. एक पान हललेलं नाही, म्हणून आता लिहिते.

दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या बाजूला, एका छापखान्यामागच्या बोळात आहे. पाटी नाही, त्यामुळे नाव देता येत नाही. बोळात शिरून "बाइंडरमामा कुठं बसतात?" एवढं विचारलं की कुणीही दाखवतं. दोन खणांची खोली, पुस्तकं दाबून धरायचा एक जुना लोखंडी शिकंजा, एक कटिंग मशीन आणि खळीचा आंबूस वास. वकिलांचे निवाड्यांचे खंड, शाळांच्या लायब्ररीची पुस्तकं, पारायणाच्या ज्ञानेश्वरी असं सगळं तिथं थप्पीनं पडलेलं असतं. माझ्या आधी कुणीतरी कुराण टाकलं होतं. ते त्यांनी स्वच्छ फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं होतं. आमचं बायबलही शेवटपर्यंत त्याच फळीवर राहिलं.

बायबलची अवस्था सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी आलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ती ओलांडली तेव्हाच धाकट्या भावानं सामान वर चढवायला सुरुवात केली होती, पण आप्पांचं कपाट राहून गेलं. रात्री कमरेएवढ्या पाण्यातून तो परत आत गेला आणि बायबल डोक्यावर धरून बाहेर आला. पुठ्ठा फुगला होता, कडेची पानं भिजली होती. त्यानं ते आपल्या खोलीवर नेलं, वर्तमानपत्रं घालून पंख्याखाली पान अन् पान वाळवलं आणि पंधरा दिवसांनी माझ्याकडे आणून दिलं. ह्या भावानं तेव्हा चर्च सोडून अकरा वर्षं झाली होती. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

मग मी ते जवळच्या एका दुकानात दिलं. त्या दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांनी पाठीशेजारी आरपार भोकं पाडून अंगावरून शिलाई मारली आणि वर पांढरा डिंक ओतला. बायबलचा कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ असतो. अशा शिलाईनं पुस्तक सपाट उघडत नाही, आतला समास शिलाईत जातो, जोर लावला की पान शिलाईपाशी फाटतं. दोन वर्षांत स्तोत्रसंहिता सगळी सुटी झाली. मी ३४ वर्षं नर्स होते. टाका चुकीच्या जागी पडला की जखम दिसायला बंद दिसते, पण भरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी ते पैसे मी देऊन आले होते.

बाइंडरमामांनी आधी पुस्तक हातात घेऊन पाच मिनिटं नुसतं चाळलं. कडा बघितल्या, पाठीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "सिस्टर, वाचणाऱ्या घरचं हाय हे. वाचत्यात त्यांच्या पुस्तकाची पाठ जाती. वाचत न्हाईत त्यांच्या पुस्तकाला कसर लागती. पाठ गेलेली मी करून देतो. कसर लागल्यालं काय करणार?"

काम असं केलं. जुना डिंक ओल्या खळीनं मऊ करून खरवडून काढला. प्रत्येक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सुटा केला. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावून जोड्या जुळवल्या, मग सुई-दोऱ्यानं घडीतून एकेक फर्मा ओवत जुजबंदी केली. खळ त्यांची स्वतःची, घरी शिजवलेली, किडीसाठी मोरचूद घातलेली. पुठ्ठ्यावर कापड, पाठीला आणि कोपऱ्यांना कातडं, तेही आपल्याकडच्या चपलांसाठी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात तसलं. ते जाड असतं, म्हणून चप्पल लाइनीतल्या ओळखीच्या कारागिराकडून तासून आणलं. सगळे मिळून ९५० रुपये. पूर्ण कातड्याचे १६०० सांगितले होते. मला तेवढी गरज वाटली नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांनी शेवटी, कडा कापायच्या आधी केली. बाइंडिंग झालं की तिन्ही बाजूंनी कटिंग मारून कडा सारख्या करतात, तशी पद्धतच आहे. मामांनी कटिंगआधी मला बोलावून घेतलं. "समासात पेन्सिलीनं लिवलंय. कटिंग मारलं तर अर्धं जातंय. काय करू?" आप्पांनी पन्नास वर्षं समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, कुठल्या रविवारी कुठल्या वचनावर उपदेश झाला, कोण आजारी होतं, कुणासाठी प्रार्थना केली. मी म्हटलं, कडा वेड्यावाकड्या राहिल्या तरी चालतील. तशाच राहिल्यात. ज्यांना गुळगुळीत कडा हव्यात त्यांनी तसं आधी सांगावं, पण न विचारता मशीन न चालवणारा माणूस मला मिळाला.

आता पानाचं. चौथ्या-पाचव्या दिवशी फोन आला, "एक पान न्हाई ह्यात." मामांनी आकडे लावून सगळं पुस्तक मोजलं होतं. तीमथ्याला दुसरं पत्र, चौथा अध्याय, तेवढंच पान गायब. आधीच्या दुकानदाराच्या ते लक्षातही आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. रोज वाचते असं मी म्हणत होते, आणि पाच वर्षांत तीमथ्य उघडलं नव्हतं.

घर शोधलं. शेवटी भावाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडं हाय आक्का. वाळवायला घातलं होतं, त्यातलं मागं राहिलं. फायलीत हाय." कुठली फाईल ते त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी घेऊन आला तेव्हा बघितलं. त्याच्या मुलीच्या दवाखान्याच्या कागदांची फाईल होती.

ती २००८ साली गेली, नऊ वर्षांची होती. रक्ताचा कर्करोग. सात महिने मी त्या घरात नर्स म्हणूनही होते आणि आत्या म्हणूनही. त्या काळात लांबून आलेल्या एका उपदेशकाच्या चंगाई सभेला आम्ही तिला नेलं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाली असं व्यासपीठावरून जाहीर झालं. पाच आठवड्यांनी ती गेली. तेराव्या-चौदाव्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीतलीच एक वडीलधारी व्यक्ती घरी आली आणि भावाच्या तोंडावर म्हणाली, "कुठंतरी विश्वास कमी पडला असंल." त्यानंतरच्या रविवारपासून माझा भाऊ उपासनेला आला नाही.

आमचं घराणं इथल्या मंडळीत जुनं. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्या कामातून पुढे जी कुटुंबं ख्रिस्ती झाली त्यांत आमच्या पणजोबांचं. बाप्तिस्मा झाल्यावर भावकीनं त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, जमिनीतला वाटा गेला. ते हलले नाहीत. म्हणजे बाहेरच्या छळानं आमच्या घरातलं कुणी विश्वास सोडला नाही. माझा भाऊ गेला तो घरातल्याच माणसाच्या एका वाक्यानं.

विश्वासातून माणसं का गळतात ह्यावर मी खूप उपदेश ऐकलेत. बहुतेक येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर असतात. खडकाळ जमिनीवर पडलेलं बी मूळ नसल्यामुळे उन्हात करपतं, काट्यांतलं चिंतेनं आणि पैशाच्या मोहानं खुंटतं. दाखला खराच आहे. काट्यातले मी पुष्कळ बघितलेत. पुण्याला नोकरी लागते, रविवारी ड्यूटी, मग मुलांचे क्लास, मग नुसता नाताळ, मग तोही नाही. कुणाशी भांडण नसतं, कुणी काही नाकारलेलं नसतं, एकेक रविवार सुटत जातो. पण भावाकडे बोट दाखवून "खडकाळ जमीन" म्हणणाऱ्यांना मी मानत नाही. तो मुळात विश्वासणारा नव्हताच, असंही काहींनी मला सांगितलं, योहानाच्या पत्राचा आधार देऊन. नाडी न बघता कुणाला मृत म्हणायची आम्हा नर्सना मुभा नसते. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मातीत गप्प बसले, तोवर ते बरोबर होते. तोंड उघडून त्याचा दोष शोधायला लागले तिथं चुकले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. हा भाग मी त्या वर्षी कुणाला वाचून दाखवायला हवा होता. दाखवला नाही. मी भावाकडे जेवणाचा डबा घेऊन जायची, देवाचं नाव काढायची नाही. मंडळीतूनही पहिले दोन-तीन महिने कुणी कुणी गेलं, मग कुणीच नाही. इब्री लोकांस पत्रात एकत्र मिळणं सोडू नका असं लिहिलंय, ते आम्ही न येणाऱ्याला ऐकवतो. जे येतात त्यांनी न येणाऱ्याकडे जाणं सोडलं, ते कुठल्या हिशोबात धरायचं?

आप्पा वेगळे होते. ते टिळकांचं उदाहरण द्यायचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो घाव सोसला नाही, कित्येक वर्षं दुरावा राहिला, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, तेव्हा अनेकांना वाटलं हे भरकटले. आप्पा म्हणायचे, संस्था सोडली म्हणजे ख्रिस्त सोडला असं धरून चालू नका, माणसाला वेळ द्या. भाऊ यायचा बंद झाल्यावर ते दर शनिवारी त्याच्या खोलीवर जाऊन बसायचे. प्रार्थना करू का असं एकदाही विचारलं नाही, चहा पिऊन यायचे. २०१५ ला वारले, तोपर्यंत एक शनिवार चुकला नाही.

तर ते पान. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल रोममध्ये तुरुंगात आहे, शेवट जवळ आलाय हे त्याला माहीत आहे. सुयुद्ध केलं, धाव संपवली, विश्वास राखला, हे वाक्य ह्याच पानावर आहे, आमच्याकडे कितीतरी कबरींवर असतं. थोडं खाली दहाव्या वचनात देमास. कलस्सै आणि फिलेमोनाच्या पत्रांत हा पौलाचा सोबती म्हणून सलाम पाठवतो. इथं जगाच्या प्रेमात पडून पौलाला सोडून थेस्सलनीकाला निघून गेलाय. उपदेशात नेहमी देमासच येतो. आप्पांनी पेन्सिलीची रेघ मारली होती ती त्याच्या पुढच्या, अकराव्या वचनाखाली: मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेला उपयोगी आहे. हा मार्क पहिल्या प्रचारफेरीत पंफुल्यातून पौलाला सोडून परत गेला होता, त्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं एवढं वाजलं की दोघं वेगळ्या वाटांनी गेले. आणि मरणाच्या दारात पौल त्यालाच बोलावतोय. रेघेशेजारी समासात आप्पांनी भावाचं नाव लिहिलं होतं, खाली तारीख, २००८ च्या डिसेंबरातली. म्हणजे हे पान हाताशी ठेवणाऱ्या माणसानं स्वतःचं नाव तिथं कितीतरी वेळा वाचलं असणार. मी त्याला विचारलं नाही.

पान त्यानं स्वतःच दुकानात नेऊन दिलं. मामांनी पट्टी लावून ते फर्म्यात बसवेपर्यंत दीड तास तिथं स्टुलावर बसून होता, हे मला मामांनी नंतर सांगितलं. "तुमचा भाऊ लई बघत होता. दोरा ओवून दिला मला त्यानं."

तक्रारीही लिहायला हव्यात. आठ दिवस सांगून २६ दिवस लावले. पान सापडायला लागले ते दोन सोडले तरी उशीर उशीरच. मधे तीन वेळा फोन उचलला नाही. पाठीवरची सोनेरी अक्षरं किंचित तिरकी आहेत, 'शास्त्र' मधला 'त्र' खाली उतरलाय. सोमवारी बंद असतं, दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी. घाई असेल तर इथं देऊ नका. कापडाचे रंगही तीनच आहेत, काळा, मरून आणि हिरवा. पैसे मात्र सांगितले तेवढेच घेतले, पानाचे वेगळे नाहीत.

देताना मामांनी एक पथ्य सांगितलं, ते ज्यांनी नवीन जुजबंदी करून घेतली त्यांनी पाळावं. बांधून आणलेलं जाड पुस्तक एकदम मधोमध उघडायचं नाही, पाठ मोडते. टेबलावर उभं धरून थोडी पानं पुढून, थोडी मागून, अशी हलक्या हातानं दाबत रोज थोडं थोडं उघडायचं, महिनाभर, म्हणजे दोरा सगळीकडे सारखा बसतो.

माझे हात आता संधिवातानं धड चालत नाहीत. त्यामुळे बायबल भावाकडे दिलं, एवढं महिनाभर कर म्हटलं. रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मीही विषय काढला नाही. शनिवारी त्याच्या खोलीवर जाते, आप्पा जायचे त्याच वेळेला. महिना कधीच सरला, चार झाले. बायबल अजून त्याच्याकडेच आहे, खिडकीजवळच्या टेबलावर, फायलीच्या वर. मागच्या आठवड्यात चहा ठेवता ठेवता म्हणाला, "आक्का, पुढनं स्तोत्रापातूर आलोय, मागनं इब्रीपातूर. आता मधनं उघडलं तर चालंल न्हवं?"

मी मामांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, चालंल.