सुटी आधीच ठरलेली, नोकरी आता लागतेय: मालकाला सांगायचं कधी?

बहिणीचं लग्न 20 मे ला, पत्रिका छापून झालेल्या. आणि एप्रिलच्या अखेरीस बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यातून, नाहीतर तालुक्याच्या पतसंस्थेतून मुलाखतीचा फोन येतो. लग्नाची तारीख हलत नाही आणि नोकरीही हातची घालवायची नाही. सुटी मिळेल की नाही हे पुढचं. आधी ठरवायचं ते हे की सांगायचं कधी.

सांगण्याच्या वेळा चारच: अर्ज करताना, मुलाखतीत, निवड झाल्यावर पण रुजू होण्याआधी, किंवा रुजू झाल्यावर. बहुतेकांसाठी तिसरी वेळ सगळ्यात चांगली. पण आपल्या विदर्भात ती कधीकधी दोन मिनिटांचीच असते. ती निसटली की माणूस थेट चौथीत जाऊन पडतो, आणि चौथी सगळ्यात महाग.

अर्जात किंवा पहिल्या फोनवर

बायोडाटात सुटीचा उल्लेख नको. चाळीस अर्जांतून दहा निवडणाऱ्याला तुमचं काम माहीत नसतं. कळते ती एवढीच गोष्ट की हा माणूस मे महिन्यात नाही. गाळायला तेवढं पुरतं.

अपवाद हंगामी कामाचा. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचा, जोर दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की मार्चपर्यंत. कृषी सेवा केंद्राची खरी धावपळ जून-जुलैत. बियाणे-खतांच्या कंपन्या खरिपापुरते तीन-चार महिन्यांचे प्रतिनिधी घेतात, त्यांचंही तेच. ज्या दिवसांसाठी माणूस घेतला जातोय त्यातलेच दहा दिवस तुम्ही नसाल, तर पहिल्याच फोनवर सांगा. यात प्रामाणिकपणाचा मोठेपणा नाही. अकोल्या-अमरावतीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी वाचते, एवढंच. पंधरा दिवसांहून लांबलचक सुटीही याच वेळी सांगायची. शेगावहून पालखीसोबत पायी पंढरपूरला जाणारा महिनाभराहून जास्त बाहेर असतो. आषाढीला गाडीने जाऊन येणाऱ्याला तीन-चार दिवस पुरतात. मालकाच्या कानाला दोन्ही ‘वारी’च, म्हणून दिवस मोजून सांगा.

मुलाखतीत

विचारलं तर खरं सांगायचं, यात दुसरा मार्ग नाही. ‘पुढच्या दोन महिन्यांत काही अडचण?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं आणि पंधराव्या दिवशी पत्रिका पुढे केली, तर सुटीपेक्षा ते ‘नाही’ जास्त लक्षात राहतं. शिवाय हा भाग लहान. ज्यांच्याकडे नोकरी मागताय त्यांच्या घरी लग्नाची पत्रिका कदाचित तुमच्याआधी पोहोचलेली असते. आजीचं आजारपण वगैरे कारणं इथे दोन दिवसही टिकत नाहीत.

विचारलं नाही तर आपणहून सुरुवात करू नये. कामाची माहिती, पगार, पाळी यांची बोलणी आधी होऊ द्या. खासगी शाळेत मात्र विषय लवकर काढलेला बरा. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि संस्थाचालकाला पहिल्या आठवड्यात वर्गावर माणूस उभा हवा असतो. मेमधलं लग्न तिथे अडचणच नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं आहे.

‘मग कधीपासून येता?’

हा प्रश्न म्हणजे ती तिसरी वेळ. मोठ्या कंपनीत ती आठवडाभर लांबते: निवडीचा फोन येतो, मग मेलवर ऑफर लेटर, मग रुजू होण्याची तारीख. जिनिंग, दालमिल, राईस मिल, दुकान, छोटा दवाखाना इथे पत्र-बित्र नसतं. शेठजी चहा सांगतात, पगाराचा आकडा बोलतात आणि विचारतात, ‘मग सोमवारपासून?’ बस, एवढंच. माणूस आनंदात ‘हो’ म्हणतो आणि सुटीचं घरी पोहोचल्यावर आठवतं.

हीच वेळ चांगली का? समोरच्याने तुम्हाला घ्यायचं ठरवलेलं असतं, पण गरज अजून भागलेली नसते. पाच दिवसांसाठी पुन्हा दुसरा माणूस शोधणं त्याच्या जिवावर येतं. तुम्हीही शब्द दिलेला नसतो, त्यामुळे विनंतीला विनंतीचंच वजन राहतं. तीच गोष्ट ‘हो’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितली, की ती तक्रारीसारखी ऐकू येते.

सांगताना चार गोष्टी याव्यात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण एका शब्दात, पगार कापला तरी चालेल हे, आणि परत हजर होण्याचा दिवस. शेवटची बहुतेक जण विसरतात, आणि मालकाला नेमकी तीच हवी असते. समोरासमोर असाल तर असं:

‘शेठजी, काम पक्कं. एक सांगून ठेवतो, 20 मे ले बहिणीचं लगन हाये. 18 ते 22 मले येनं जमनार नाही, पगार कापला तरी चालते. 23 ले सकाळपाळीले हजर राहीन.’

कंपनीत मेलवर: ‘निवडीबद्दल आभार. 5 मे रोजी रुजू होण्यास तयार आहे. घरी बहिणीचे लग्न असल्याने 18 ते 22 मे या 5 दिवसांची रजा लागेल. ती बिनपगारी धरावी. 23 मे रोजी कामावर हजर राहीन. मान्य असल्यास या मेलवर कळवावे.’ ऑफर स्वीकारल्याचं बटण दाबण्याआधी हे पाठवायचं, आणि उत्तर आल्यावरच दाबायचं.

तोंडी ‘जा ना, काय त्यात’ मिळालं तरी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: ‘बोलल्याप्रमाणे 18 ते 22 मे सुटीवर राहीन.’ समोरून नुसता अंगठा आला तरी पुरे. महिन्याने सुपरवायझर बदलतो, मालकाचा मुलगा कारभार बघायला लागतो आणि तोंडी परवानगी कोणालाच आठवत नाही.

आणि योग्य माणसाला सांगा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. चंद्रपूर भागातल्या सिमेंट कारखान्यांत किंवा वणी-घुग्घुसकडच्या कोळसा खाणींत अनेकांची नोकरी खरी तर ठेकेदाराकडे असते. मुलाखत कंपनीच्या साहेबांनी घेतली, त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं, पण हजेरी मांडतो ठेकेदाराचा सुपरवायझर. त्याच्या वहीत पाच दिवस गैरहजर लागले की साहेबांचा शब्द पगाराच्या दिवशी कामाला येत नाही. मायक्रोफायनान्समध्ये उलटा प्रकार: शाखा व्यवस्थापक ओळखीचा, तो हो म्हणतो, पण रुजू होण्याची तारीख आणि प्रशिक्षणाची बॅच नागपूरहून ठरते. जो हजेरी लावतो आणि जो तारीख ठरवतो, दोघांनाही कळलेलं असावं. ओळखीतून काम लागलं असेल तर शब्द टाकणाऱ्या काका-मामालाही आधी सांगा, नाहीतर त्याची मान खाली जाते आणि पुढच्या वेळी तो कोणासाठीच शब्द टाकत नाही.

रुजू होणंच पुढे ढकलावं की रुजू होऊन सुटी घ्यावी?

तिसऱ्या वेळेला सांगितलं की पुढचा प्रश्न हाच येतो, आणि दोन्ही बाजूंना पैसा आहे.

समजा पगार 15,000 आणि सुटी 5 दिवसांची. महिना 26 दिवसांचा धरणाऱ्या ठिकाणी रोजचे 577, म्हणजे 2,885 रुपये कापले जातील. 30 दिवसांचा धरणाऱ्या ठिकाणी 2,500. हजेरी भत्ता असेल तर तोही त्या महिन्याचा गेला. काही ठिकाणी सुटीच्या मधे आलेला आठवडी सुटीचा दिवसही रजेत मोजतात, म्हणून कापणी कशी होते हे आधी विचारा. तारखा थोड्या सरकवून आठवडी सुटी रजेच्या एका टोकाला आणता आली, तर एक दिवस वाचू शकतो.

रुजू होणं पुढे ढकललं तर कपात नाही, गैरहजेरीचा डाग नाही. पण जिथे कागद नाही तिथे जागा तुमच्यासाठी रिकामी राहीलच असं नाही. ‘23 पासून येतो’ म्हणून गेलेल्याला 23 ला दुसरा माणूस वजनकाट्यावर बसलेला दिसतो. दुसरं, हजेरीचा महिना अनेक ठिकाणी 20 किंवा 25 तारखेला बंद होतो. त्यानंतर रुजू झालात तर पहिला पगार एक महिना पुढे जातो. घरी लग्नाची उधारी असताना हे टोचतं.

हिशेब असा ठेवावा. रुजू होऊन आठवड्याच्या आतच सुटी लागणार असेल आणि हातात नेमणुकीचं पत्र असेल, तर तारीखच पुढे मागा. पहिले सहा दिवस शिकवायचं आणि पाच दिवसांनी पुन्हा शिकवायचं, हे कोणालाच नको असतं. पत्र नसेल तर उलट: आधी रुजू व्हा, चार दिवस काम दाखवा, मग जा. दोन आठवड्यांहून जास्त अंतर असेल तर पत्र असो-नसो, रुजू होऊनच सुटी घ्यावी. प्रशिक्षणाची बॅच मधे येत असेल तर हे सगळं बाजूला. बॅच चुकली की पुढच्या बॅचपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा आधीच पुढची बॅच मागितलेली बरी.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नेमणुकीत हा बोलाचालीचा मामलाच नाही. आदेशात रुजू होण्याची मुदत लिहिलेली असते. ती संपण्याआधी मुदतवाढीचा लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

रुजू झाल्यावर सांगणं

एक-दोन दिवसांची सुटी आणि तीही तीन महिन्यांपुढची, तर चालतं. लग्नच तुम्ही रुजू झाल्यावर ठरलं तर प्रश्नच नाही. पण तारीख आधी माहीत असताना गप्प राहून पहिल्या महिन्यात पाच दिवस मागितले, तर मालक दोन अर्थ काढतो: लपवलं, किंवा याला कामाची गरज नाही. प्रोबेशनच्या काळात, म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिले तीन ते सहा महिने, यातला कोणताही अर्थ परवडणारा नाही.

‘कायद्याने सुटी मिळतेच की’ हा आधारही इथे कच्चा आहे. पगारी रजा 20 दिवस कामाला 1 दिवस अशी साठते, आणि ती मिळायला आधी वर्षातले ठरावीक दिवस भरावे लागतात: जुन्या कारखाने कायद्यात 240, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत 180. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, पण त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात आणि लहान दुकानांना तो भाग लागूच नाही. मतलब, पहिल्या दोन महिन्यांत खात्यावर फार तर एक-दोन दिवस. बाकीची सुटी मालकाच्या मर्जीची आणि बिनपगारी.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच उघडतं. म्हणजे आज हातात तिकीट असेल तर तो प्रवास येत्या दोन महिन्यांतलाच, आणि आज नोकरी लागली तर बरोबर या बिनरजेच्या कोरड्या काळातला.

तारीख नसलेली सुटी

लग्नाला तारीख असते, पेरणीला नसते. मृग 7-8 जूनला लागतो, पण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका असं कृषी विद्यापीठं सांगतात, आणि तो पाऊस कधी 12 जूनला होतो, कधी महिना सरताना. घरी बैलजोडीमागे किंवा ट्रॅक्टरवर दुसरा माणूस नसेल तर ही सुटीही ठरलेलीच, फक्त दिवस माहीत नाही. तीही ‘कधीपासून येता’ या वेळीच सांगावी, पण खिडकीसारखी: ‘10 जून ते 5 जुलैच्या दरम्यान तीन दिवस, आदल्या संध्याकाळी कळवीन.’ गावाकडचा मालक हे लगेच समजतो, कदाचित त्याचीही पेरणी त्याच दिवशी असते. नागपूरच्या एचआरला ते कळत नाही; तिथे सरळ एक आठवडा ठरवून मागा आणि पाऊस चुकला तर घरच्यांना मजूर लावायला सांगा. पोळा आणि महालक्ष्म्यांच्या तारखा मात्र कॅलेंडरवर असतात, त्यासाठी अशी खिडकी मागू नये. 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनीही तो दिवस वेगळा सांगावा. दसऱ्याला सुटी असते म्हणून हीही असेल असं धरू नये.

नाही म्हणाले तर

लगेच उठून येऊ नका, दिवस कमी करा. पाचाचे तीन होतात का बघा: हळदीचा दिवस, लग्नाचा आणि दुसरा दिवस. आधीच्या दोन रविवारी काम करून बदली सुटी मिळते का विचारा. जिनिंगमध्ये आणि दवाखान्यात पाळी बदलून हे जमू शकतं. एकच दिवस देत असतील आणि लग्न सख्ख्या बहिणीचं असेल, तर ती नोकरी मे महिन्यात तुमच्या कामाची नाही. जूनमध्ये जागा असेल तर कळवा म्हणावं, नंबर देऊन यावं.