कौन्सिल टॅक्सचा बँड: रीतसर प्रस्ताव की फेरतपासणी?

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या आपल्या मंडळींना एक गोष्ट उशिरा कळते. कौन्सिल टॅक्स हा घरपट्टीसारखा स्थानिक कर, आणि तो घराच्या बँडवर, म्हणजे किमतीच्या गटावर (ए, बी, सी, डी असे) ठरतो. हा बँड कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, ठरवत नाही; व्हॅल्युएशन ऑफिस हे सरकारी मूल्यांकन कार्यालय ठरवतं, आणि तोही 1 एप्रिल 1991 च्या किमतीवरून. त्यामुळे तुम्ही आज कितीला घर घेतलंत, याला इथे काही अर्थ नाही.

नवीन राहायला आला असाल आणि बँड चुकीचा वाटला, तर तो बदलण्याचा रीतसर प्रस्तावच व्हॅल्युएशन ऑफिसला द्या. कर तुमच्या नावावर लागल्यापासून साधारण सहा महिन्यांत तो द्यावा लागतो. निकाल पटला नाही, तर तीन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रिब्युनल या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. हा हक्क फार मोलाचा आहे. सामान आवरण्याच्या गडबडीत मुदत हातची घालवू नका.

मुदत उलटली तर फेरतपासणी मागता येते, पण पुरावा भक्कम हवा. एकाच रांगेतली, एकाच काळातली, तेवढ्याच आकाराची घरं सी मध्ये आणि तुमचं एकटं डी मध्ये असेल, तर त्यांचे पत्ते द्या. मागच्या बाजूला खोली वाढवलेलं घर मात्र तुलनेला घेऊ नका. इथे नकार आला की सहसा अपील नाही.

फी दोन्हीकडे नाही. डी चा सी झाला तर नववा हिस्सा वाचतो. पण बँड वरही जाऊ शकतो, शेजाऱ्यांचासुद्धा. म्हणून अर्जाआधी त्यांच्याशी जरूर बोला.