रॉ २६४.७ की अस्थिमज्जेतले मॅक्रोफेज: उंदराच्या पेशी निवडताना

मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींवर, काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो: लिक्विड नायट्रोजनमधली रॉ २६४.७ या तयार सेल लाइनची वायल काढायची, की उंदराच्या हाडातून मज्जा काढून सात दिवस थांबायचं? नवे लोक बहुधा रॉ उचलतात, कारण ती हाताशी असते. मी म्हणेन, शेवटी काय मोजायचंय ते आधी ठरवा.

हे मी उशिरा शिकलो. इन्फ्लमासोमचा, म्हणजे धोका ओळखून दाह सुरू करणाऱ्या पेशीतल्या प्रथिनसंचाचा, प्रयोग होता. रॉ पेशींना एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला रेणू) दिलं, मग इन्फ्लमासोम चेतवणारं नायजेरिसिन, आणि मीडियममध्ये आयएल-१ बीटा हे दाहाचं प्रथिन शोधत बसलो. वेस्टर्न ब्लॉटवर पेशींच्या आतला ३१ किलोडाल्टनचा कच्चा प्रो-आयएल-१ बीटा ठसठशीत. बाहेर पक्व रूपाची १७ किलोडाल्टनची पट्टी काही उमटेना. अँटिबॉडी बदलली, नायजेरिसिन नवं बनवलं, तीन आठवडे पाण्यात गेले. मुळात या पेशींत एएससी हे जोडणारं प्रथिनच नसतं. मधला दुवाच नाही, तर धोका ओळखणाऱ्या एनएलआरपी३ कडून प्रो-आयएल-१ बीटा कापणाऱ्या कॅस्पेज-१ पर्यंत निरोप पोचणार कसा? हे छापून कधीच आलं होतं, मी वाचलं नव्हतं.

म्हणून रॉ टाकाऊ ठरत नाही. एबेलसन ल्युकेमिया विषाणूमुळे बॅल्ब/सी जातीच्या नर उंदरात झालेल्या गाठीतून आलेली, १९७८ पासूनची ही सेल लाइन. भराभर वाढते, मज्जेतल्या मॅक्रोफेजच्या मानाने ट्रान्सफेक्शन (बाहेरचा डीएनए आत घालणं) सहज घेते, एलपीएसवर नायट्रिक ऑक्साइड भरपूर सोडते, रँकल हे प्रथिन दिलं की हाड झिजवणारी ऑस्टिओक्लास्ट बनते. शेकडो संयुगं चाळायची असतील तर हीच घ्या. पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या डब्यात हलवल्या तो आकडा, मात्र डब्यावर लिहा. पॅसेज चढत गेले की तिचा स्वभाव बदलतो. आणि एक खोच: तुमचे नॉकआउट (एखादं जनुक बंद केलेले) उंदीर सी५७बीएल/६ जातीचे असतील, तर बॅल्ब/सीच्या पेशी त्यांच्या शेजारी कंट्रोल (तुलनेसाठी) म्हणून ठेवता येत नाहीत. आर्जिनिन हे अमिनो आम्ल कोणत्या वाटेने खर्च करायचं, यावरच या दोन जातींच्या मॅक्रोफेजचं एकमत नाही.

मज्जेचं काम कष्टाचं, पण शिकायला अवघड नाही. मांडीचं आणि नडगीचं हाड स्वच्छ करायचं, टोकं कापायची, बारीक सुईने मीडियम आत मारायचं. लाल हाड पांढरंफटक झालं की मज्जा आली समजा. याहून सोपं म्हणजे बूड टोचलेल्या ०.५ मिलीच्या ट्यूबमध्ये हाडं उभी करून ती १.५ मिलीच्या ट्यूबमध्ये बसवायची आणि सेंट्रिफ्यूज फिरवायचा. मज्जा खाली उतरते. मग तांबड्या पेशी फोडायच्या आणि उरलेल्या एम-सीएसएफ या मॅक्रोफेज घडवणाऱ्या वाढीच्या प्रथिनात वाढवायच्या, मिलीला २० ते ५० नॅनोग्रॅम. प्लेट साधी, जिवाणूंसाठी वापरतात ती पेट्री डिश. टिश्यू कल्चरच्या प्लेटवर त्या अशा चिकटतात की काढताना निम्म्या मरतात. साध्या डिशवर थंड पीबीएस (खारं बफर) आणि पकड सोडवणारं ईडीटीए पुरतं. शेवटी एफ४/८० आणि सीडी११बी या मॅक्रोफेजच्या दोन्ही खुणा फ्लो सायटोमेट्रीवर बघाच.

एम-सीएसएफ विकतचं की ते सोडणाऱ्या एल९२९ पेशींचं मीडियम? एल९२९ स्वस्त पडतं, पण प्रत्येक बॅच वेगळी, आणि त्यात एम-सीएसएफखेरीज आणखी काय काय असतं. पूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढी एकच बॅच करून गोठवणार असाल, तरच त्या वाटेला जा.

पोटाच्या पोकळीतले मॅक्रोफेज शरीरातच पक्व झालेले, हा त्यांचा मोठा गुण. पण एका उंदरातून फार थोडे मिळतात. दाह चेतवणारं थायोग्लायकोलेट टोचून संख्या वाढवली, तर ते दाहासाठी धावून आलेले असतात, ‘शांत’ म्हणून त्यांना कंट्रोल धरता येत नाही.

वर्षभर तेच नॉकआउट वापरायचं असेल तर होक्सबी८ चा विचार कराच. मज्जेतल्या पूर्वज पेशींत इस्ट्रोजेनवर चालणारं होक्सबी८ हे जनुक घालतात; ते पेशींना पक्व होऊ देत नाही. मीडियममध्ये इस्ट्राडिओल असेतो त्या वाढत राहतात, धुऊन काढलं की पक्व होऊ लागतात. उंदीर एकदाच लागतो. लाइन बनवायला वेळ जातो, म्हणून दोनच प्रयोगांसाठी हा घाट घालू नये.

डेंड्रायटिक पेशी (इतर प्रतिकारपेशींना जंतूंची ओळख करून देणाऱ्या) हव्या असतील तर जीएम-सीएसएफ या दुसऱ्या वाढीच्या प्रथिनाच्या जुन्या पद्धतीवर डोळे झाकून विसंबू नका. त्या डिशमध्ये मॅक्रोफेजही सीडी११सी ही डेंड्रायटिक पेशींची खूण मिरवत बसलेले असतात. सीडीसी१, सीडीसी२, पीडीसी असे डेंड्रायटिक पेशींचे प्रकार वेगळे हवेत तर फ्लट-३ लिगँड हे प्रथिन घ्या. आठ-नऊ दिवस लागतात.

मज्जा घ्यायचं ठरलं तर शुक्रवारी काढू नका. तिसऱ्या दिवसाचं मीडियम सोमवारवर जातं आणि सातव्या दिवशी, म्हणजे पुढच्या शुक्रवारी, तयार झालेल्या पेशींचा प्रयोग शनिवार-रविवारात अडकतो. मंगळवारी काढा, शुक्रवारी मीडियम द्या, पुढच्या मंगळवारी पेशी तयार.