जीमॅट पुन्हा द्यायची की आहेत त्या गुणांवर अर्ज करायचा?

एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत मनात ६९५ गुण होते आणि पडले ६४५, अशा वेळी दोन्ही वाटा खुल्या असतात. नियम तर पुन्हा देणाऱ्याच्या बाजूनेच आहेत. १६ दिवसांनी परत बसता येतं, १२ महिन्यांत ५ वेळा देता येते आणि गुण ५ वर्षं चालतात. कोणते गुण पाठवायचे हेही तुम्हीच ठरवता.

पण नियमात बसतं म्हणून द्यावीच असं नाही. माझ्या मते खरा निकष सराव परीक्षांचा. अधिकृत सराव परीक्षांत सातत्याने जास्त गुण मिळत होते आणि नेमकी त्याच दिवशी गडबड झाली, झोप झाली नव्हती किंवा वेळ पुरला नाही, तर जरूर पुन्हा द्या. क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन व तर्क) आणि डेटा इनसाइट्स (माहितीचं विश्लेषण) या तिन्ही विभागांचं एकूण गुणांत सारखंच वजन असतं. त्यामुळे एकच विभाग घसरला असेल, तर मेहनत कुठे घ्यायची हे स्पष्ट दिसतं. सरावातही तेवढेच पडत असतील, तर मात्र १६ दिवसांत फारसा फरक पडत नाही. तिथे अभ्यासाची पद्धतच बदलावी लागते आणि त्याला महिने जातात.

लगेच अर्ज करण्याचा मोठा फायदा म्हणजे वेळ. निबंध, शिफारसपत्रं, मुलाखतीची तयारी, सगळ्याला नीट न्याय देता येतो. तुमचे गुण हव्या त्या कॉलेजच्या सरासरीच्या आसपास असतील आणि मुदत जवळ आली असेल, तर मी निबंध लिहायलाच बसेन.