लोहगाव विमानतळ: डिजियात्रा घ्यावी की साधी रांग बरी?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर आत शिरताना साध्या रांगेत सीआयएसएफचा (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा) जवान तिकीट बघतो, आधार बघतो, मग मान वर करून तुमच्याकडे बघतो. डिजियात्रा हे चेहऱ्यावरून ओळख पटवणारं मोबाईल ॲप. त्याच्या रांगेत तुम्ही बोर्डिंग पासचा कोड दाखवून कॅमेऱ्यासमोर थांबता, चेहरा जुळला की गेट उघडतं. ही सोय १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली, पुण्यात २०२३ मध्ये आली. चालते फक्त देशांतर्गत प्रवासाला आणि सक्ती नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. डिजियात्रा म्हणजे झटपट सुरक्षा तपासणी नव्हे. तिकीट ज्याचं, माणूस तोच ना, एवढंच यंत्र बघतं. बॅग एक्स-रेमधून जायची ती जातेच, अंगझडती व्हायची ती होतेच. चेक-इन बॅगेत पॉवर बँक राहिली तर बोलावणं दोन्ही रांगांतल्यांना सारखंच येतं. वेळ वाचतो तो ओळखपत्र दाखवण्याचा, तोही पहाटेच्या गर्दीत. दुपारच्या निवांत विमानाला फारसा फरक पडत नाही. (आणि विमानतळाकडे येताना नगर रोडला अडकलात तर दोन्ही रांगा सारख्याच लांब.)

ओळख पटवण्यात यंत्र थोडं सरस, असं माझं मत. शेकडो चेहरे बघून माणसाची नजर थकते. पण चेहरा जुळला नाही तर शेवटी जवानाकडेच जावं लागतं, म्हणून ओळखपत्र खिशात हवंच.

खरी कटकट घरी असते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर लागतो. दर प्रवासाला वेब चेक-इन करून बोर्डिंग पास ॲपमध्ये घ्यायचा आणि विमानतळाला पाठवायचा. त्यात आपलं मधलं नाव! आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तिकीट काढताना ते गाळलेलं असतं, आणि ॲप तिथे अडू शकतं. तिकीट काढतानाच आधार समोर ठेवा.

माहितीचं काय? ती तुमच्याच फोनवर राहते, विमानतळाकडे गेलेली २४ तासांत पुसली जाते, असं धोरण आहे. चालवणारं डिजियात्रा फाउंडेशन कलम ८ खालची, म्हणजे नफ्यासाठी न चालणारी कंपनी आहे. विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकी पाच विमानतळ कंपन्यांचा. चेहरा हा पासवर्डसारखा बदलता येत नाही, त्यामुळे ज्याला हे खटकतं त्याने साधी रांग धरावी. त्यात मागासलेपण काही नाही.

कामानिमित्त महिन्यातून दोनदा एकट्याने दिल्ली-बंगळुरू करत असाल तर ॲप घ्याच. आई-बाबांना वर्षातून एकदा घेऊन जाणार असाल तर नका त्या भानगडीत पडू. अर्धा तास आधी निघा आणि गुडघे दुखत असतील तर तिकिटाबरोबरच व्हीलचेअर मागून ठेवा.