होरसच्या डोळ्याचा ताईत : एक चांगली प्रतिकृती

प्राचीन इजिप्तमध्ये ससाणामुखी होरस देवाच्या डोळ्याचा ताईत जिवंतपणी अंगावर वागवत आणि मृत्यूनंतर ममीच्या पट्ट्यांमध्ये ठेवत. त्याची ही हाताने घडवलेली प्रतिकृती मला मनापासून आवडली, कारण कारागिराने रंगवलेल्या प्लास्टिकचा सोपा मार्ग टाळून खरे फेयॉन्स, म्हणजे भट्टीत भाजलेले झिलईदार मिश्रण, वापरले आहे. गारगोटीची पूड, थोडा चुना, क्षार आणि तांब्याचे संयुग पाण्यात मळून साच्यात दाबले, की वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत त्यांचीच निळी-हिरवी, काचेसारखी झिलई बनते. म्हणूनच येथे रंग वरून फासल्यासारखा वाटत नाही. भुवई आणि डोळ्याखालची ससाण्याची खूण रेखीव आहे. दोऱ्याचे भोक मात्र इतके अरुंद आहे की साधा सुती दोराही त्यातून जात नाही, आणि अंगावर घालायच्या वस्तूत ही उणीव गंभीरच म्हणावी लागेल. सोबतच्या माहितीपत्रकात हा ताईत केवळ नशीब उजळवण्यासाठी असल्याचे लिहिले आहे, तेही अपुरे आहे: होरसचा शत्रू असलेल्या सेथ देवाने इजा केलेला हा डोळा पुन्हा अखंड झाला, या कथेमुळे इजिप्शियन लोक त्याच्याकडे आरोग्य आणि संरक्षण मागत असत.